पडद्यावरचा पाशा

1947 साली इजिप्तच्या सामाजिक व्यवहार मंत्रालयानं चित्रपटनिर्मात्यांसाठी निषिद्ध गोष्टींची एक लांबलचक यादी काढली. देवाधर्माची, राजघराण्याची, पोलिसांची अप्रतिष्ठा करू नये ही कलमं त्यात होतीच, ती कुठल्याही देशाच्या सेन्सॉरच्या यादीत सापडतील. पण ही यादी तेवढ्यावर थांबत नव्हती. घाणेरडे गल्लीबोळ दाखवू नयेत. हातगाड्या आणि गाढवाच्या गाड्या दाखवू नयेत. फेरीवाले दाखवू नयेत. गरीब शेतकऱ्याचं घर आणि त्या घरातलं सामान दाखवू नये. अंगाला घट्ट काळी चादर लपेटून फिरणाऱ्या वस्तीतल्या बायका दाखवू नयेत. कामगारांच्या सभा, संप, मोर्चे, मालकावर उठलेला कामगाराचा हात, यातलं काहीच पडद्यावर दिसता कामा नये. सरकारी उपाध्यांचा आणि मानमरातबाचा उपमर्द होता कामा नये.

ही यादी वाचताना मला तिच्या कडकपणापेक्षा तिच्या नेमकेपणाचा धक्का बसतो. तिच्यात विचारांवर बंदी कमी आहे, दृश्यांवर जास्त. कैरोच्या कुठल्याही साध्या मोहल्ल्यात सकाळी घराबाहेर पडलं की जे डोळ्यांना दिसायचं, तेच पडद्यावर नको होतं. देशातली बहुसंख्य जनता निरक्षर होती. अन्यायावर कादंबरी लिहिली तर ती काही हजार लोक वाचणार. चित्रपट मात्र गाढववालाही पाहणार आणि स्वतःला ओळखणार. यादी करणाऱ्यांना सिनेमाचं मर्म बरोबर कळलं होतं.

त्यांना ते कळायला एक चित्रपट कारणीभूत होता असं म्हणता येईल. त्यासाठी थोडं मागे जायला हवं. तलअत हर्ब या उद्योजकानं 1920 मध्ये बँक मिस्र काढली. इजिप्तचा कापूस इजिप्तच्याच गिरण्यांत विणला जावा आणि इजिप्तचा पैसा इजिप्तच्याच तिजोरीत राहावा, ही त्याची जिद्द होती. याच बँकेच्या भांडवलावर 1935 मध्ये गिझाला, पिरॅमिडच्या रस्त्यावर, स्टुडिओ मिस्र उभा राहिला. बँकेनं तरुण मुलांना पॅरिसला आणि जर्मनीला पाठवून चित्रपटाचं तंत्र शिकवून आणलं. पहिला चित्रपट 'विदाद' 1936 मध्ये आला आणि त्यात उम्म कुल्सूम गायली. पण दोनच वर्षांत ठिणगी पडली. 'लाशीन' या चित्रपटात एका काल्पनिक जुन्या राज्यातली उपाशी रयत राजावर उलटते. राजवाड्याला ती रयत फार ओळखीची वाटली असावी. प्रदर्शन अडवलं गेलं आणि शेवट बदलल्यावरच चित्रपट लोकांपुढे आला.

कमाल सलीम या तरुण दिग्दर्शकानं काल्पनिक राज्याचा आडोसा घेतला नाही. कैरोच्या एका गल्लीतली गोष्ट त्यानं लिहिली आणि तिचं नाव 'गल्ली' असंच ठेवलं. नाव बदलावं लागलं आणि 1939 मध्ये ती 'अल-अझीमा', म्हणजे निर्धार, या नावानं पडद्यावर आली. न्हाव्याचा मुलगा मुहम्मद वाणिज्य शाखेचा पदवीधर झालाय. घरावर कर्ज आहे. शेजारच्या फातिमावर त्याचं प्रेम आहे आणि तिच्यावर गल्लीतल्या खाटकाचाही डोळा आहे. मुहम्मदला नोकरी लागते, लग्न होतं, नोकरी सुटते. मग तो एका दुकानात सामान बांधून देण्याचं काम धरतो आणि बायकोपासून ते लपवतो. पदवी असून हातात सुतळी धरावी लागण्याची ती लाज पडद्यावर पहिल्यांदाच इतकी सरळ आली. गल्ली स्टुडिओत उभारलेली होती, पण तिच्यात न्हावी, खाटीक, पाववाला यांचं एकमेकांशी असलेलं देणंघेणं खरं होतं. कथेत एक पाशाही आहे, म्हणजे तशी उपाधी मिरवणारा बडा माणूस, आणि तो भला आहे. मुहम्मदची अडचण अखेर त्याच्याच मदतीनं सुटते. मला या चित्रपटाची खरी मर्यादा इथे दिसते. गल्लीचं दुःख दाखवायची मुभा मिळाली, पण ते दूर करायला पाशाच यावा लागला.

या चित्रपटावर सलाह अबू सैफ नावाचा सहायक काम करत होता. त्याचा जन्म 1915 मधला, आणि तो वाढला नाईलकाठच्या बुलाक या कामकऱ्यांच्या वस्तीत. सिनेमात येण्याआधी तो महल्ला अल-कुब्रा इथे बँक मिस्रच्याच कापड गिरणीत नोकरीला होता. गिरणीवर माहितीपट करायला आलेल्या नियाझी मुस्तफा या दिग्दर्शकानं त्याला हेरलं आणि स्टुडिओ मिस्रच्या संकलन विभागात आणलं. बुलाक, गिरणी आणि संकलनाचं टेबल या तीन शाळांत तो शिकला. कमाल सलीम 1945 मध्ये तरुण वयातच वारला. गल्लीचा वारसा अबू सैफकडे आला, पण दोन वर्षांनी ती यादीही आली.

जानेवारी 1952 मध्ये कैरो जळालं. मध्यवस्तीतली रिव्होली, मेट्रो ही आलिशान चित्रपटगृहं त्या एका दिवसात भस्म झाली. 23 जुलैला लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता घेतली आणि राजा फारूक देश सोडून गेला. पाशा, बे या उपाध्या लगेच रद्द झाल्या. सप्टेंबरात जमीन सुधारणा कायदा आला आणि मालकीची कमाल मर्यादा दोनशे फद्दान ठरली. एक फद्दान म्हणजे एकराहून किंचित जास्त. त्याआधी अर्ध्या टक्क्याहूनही कमी मालकांच्या हातात लागवडीच्या जमिनीचा सुमारे तिसरा हिस्सा होता. पडद्यावरचा पाशा आता बेवारस झाला. त्याच्यावर काहीही बोलायची मोकळीक मिळाली, किंबहुना ते बोललं जावं अशी सरकारचीच इच्छा होती.

यूसुफ शाहीननं ही संधी साधली. 1954 च्या 'सिराअ फिल-वादी' या त्याच्या चित्रपटात वरच्या इजिप्तमधला एक पाशा आहे. कुळांचा ऊस आपल्यापेक्षा सरस उतरला म्हणून तो त्यांच्या शेतात पाणी सोडून उभं पीक बुडवतो. कुळांच्या बाजूनं उभा राहिलेला तरुण कृषी अभियंता ओमर शरीफनं केला, आणि ती त्याची पहिली भूमिका. त्या अभियंत्याच्या निरपराध बापावर खुनाचा आळ येतो आणि तो फाशी जातो. शेवटच्या क्षणी निरोप घेऊन कोणी धावत येत नाही. इजिप्तच्या प्रेक्षकाला अशा प्रसंगी सुटकेची सवय होती. शाहीननं ती मोडली. तीन वर्षांनी 'रुद्द कल्बी' आला. माळ्याचा मुलगा लष्करात अधिकारी होतो आणि ज्या राजकन्येचा हात मागितला म्हणून बापाचा अपमान झाला होता, तिला क्रांतीनंतर मिळवतो. दिग्दर्शक इझ्झुद्दीन झुल्फिकार स्वतः माजी लष्करी अधिकारी होता. क्रांतीच्या वर्धापनदिनी दूरचित्रवाणीवर हा चित्रपट पिढ्यान्‌पिढ्या दाखवला गेला. तो देखणा आहे, पण त्यात इतिहास संपलेला आहे. पाशा गेला, माळ्याचा मुलगा जिंकला, आता पुढे प्रश्नच नाही.

त्याच 1957 सालच्या अबू सैफच्या 'अल-फुतुव्वा'मध्ये मात्र प्रश्न तसाच उभा आहे. मला विचाराल तर विसाव्या शतकातल्या इजिप्शियन चित्रपटांत वर्गाची रचना इतकी स्वच्छ दुसऱ्या कुठल्याच चित्रपटानं दाखवलेली नाही. पटकथेवर अबू सैफबरोबर नजीब महफूझही होता. वरच्या इजिप्तमधल्या खेड्यातून हरीदी नावाचा दणकट गडी पोटासाठी कैरोच्या रोद अल-फरज इथल्या घाऊक भाजीबाजारात येतो. पाऊल ठेवतो तोच कोणीतरी मानेवर चापट मारतं आणि सगळे हसतात. काम मिळतं तेही गाढवाच्या जागी गाडी ओढण्याचं. बाजार अबू झैद नावाच्या एका व्यापाऱ्याच्या मुठीत आहे. झकी रुस्तुमनं त्याला आवाज न चढवता उभा केलाय. अबू झैद माल शीतगृहात दाबून ठेवतो, भाव चढवतो, लिलावात आडत्यांना आपल्या तालावर नाचवतो, आणि राजवाड्यातल्या माणसांना पैसे चारून उपाधी मिळवायच्या खटपटीत असतो. हरीदी हे सगळं पाहतो. त्याच्या मनात राग साठतो आणि रागाबरोबर अक्कलही. युक्तीनं, साथीदारांच्या मदतीनं तो अबू झैदला टक्कर देतो आणि बाजाराचा धनी होतो.

इथपर्यंत गोष्ट क्रांतीला मानवणारी आहे. पण हरीदी गादीवर बसला की माल दाबतो आणि भाव चढवतो. ज्यांच्या खांद्यावरून तो वर आला, त्यांना ओळख देत नाही. फरीद शौकीसारखा लाडका नायक हे सगळं करतोय याचा प्रेक्षकाला किती त्रास झाला असेल! शेवटी दोघांची झुंज होते, बाजार पुन्हा निर्नायकी होतो, आणि खेड्यातून आणखी एक दणकट गडी येतो. त्याच्याही मानेवर चापट बसते. चित्रपटाचा काळ राजेशाहीचा ठेवलाय, त्यामुळे सेन्सॉरला बोट ठेवायला जागा नव्हती. पण माणूस बदलून बाजार बदलत नाही, हे अबू सैफ अध्यक्ष नासेरच्या ऐन भरात सांगून गेला.

पुढल्या वर्षी शाहीनचा 'बाब अल-हदीद' आला. कैरोच्या मुख्य रेल्वे स्थानकातले हमाल, शीतपेयं विकणाऱ्या मुली, पेपरवाला लंगडा किनावी यांची एका दिवसाची ही गोष्ट. हमाल युनियन बांधू पाहतात, हा तिचा एक धागा. किनावीची विकृत होत गेलेली भूक हा दुसरा. किनावीची भूमिका शाहीननं स्वतः केली. लोकांना चित्रपट रुचला नाही. तो ज्यांच्याबद्दल होता त्यांना नायकाऐवजी आरसा मिळाला.

साठीच्या दशकात सरकारनं बँक मिस्र आणि तिच्या पाठोपाठ चित्रपटधंद्याचा मोठा भाग ताब्यात घेतला. महफूझ तर त्याआधीच, 1959 मध्ये, कलाविषयक सेन्सॉरच्या खात्याचा प्रमुखच झाला. सरकारी पैशातून तेव्हा बरंच सुमार निघालं, पण खासगी निर्मात्यानं ज्यांना हात लावला नसता असे काही चित्रपटही निघाले. हेन्री बरकातचा 'अल-हराम' 1965 मधला. यूसुफ इद्रीसच्या कादंबरीवरचा हा चित्रपट ज्यांच्याबद्दल आहे त्यांना जमीन सुधारणा कायद्यानंही काही दिलं नव्हतं. हे तरहील मजूर, हंगामापुरते मुकादमानं ट्रकमध्ये भरून परगावच्या जहागिरीवर नेलेले. कुळांच्या गावातही त्यांना कोणी माणसात मोजत नाही. त्यांच्यातल्या अझीझाचा नवरा आजारी आहे, त्याला रताळं खावंसं वाटतं. ती दुसऱ्याच्या शेतात रताळं खणायला जाते आणि तिथेच तिच्यावर बलात्कार होतो. गरोदरपण लपवून ती मजुरीला जाते, बांधावर बाळंत होते, मूल रडू नये म्हणून तोंडावर हात दाबते. फातिन हमामानं हे काम ज्या संयमानं केलंय त्याला तोड नाही. जहागिरीत मेलेलं मूल सापडतं तेव्हा संशय घेताना गावकऱ्यांचं पहिलं बोट मजुरांकडे जातं. गरिबाच्या खालीही एक गरीब असतो, आणि वरचा गरीब त्याला निर्दयपणे वागवतो, हे 'अल-हराम'नं सांगितलं.

मग जून 1967 आला. सहा दिवसांत सिनाई गेलं आणि क्रांतीच्या भाषेतला आत्मविश्वासही गेला. गंमत वाटेल, पण नासेरकाळातले सर्वांत धीट चित्रपट या पराभवानंतरचे आहेत. 1969 मध्ये हुसेन कमालचा 'शय मिनल-खौफ' आला. अत्रीस नावाचा दांडगा सगळ्या गावावर राज्य करतो, विरोध केला की पाणी तोडतो, आणि फुआदाच्या मनाविरुद्ध तिच्याशी निकाह लावतो. फुआदा पाण्याचा दरवाजा स्वतः उघडते. अखेर अख्खं गाव मशाली घेऊन निघतं आणि हा निकाह खोटा आहे अशी आरोळी ठोकतं. अत्रीस कोण आणि फुआदा कोण, हे प्रेक्षकाला समजावून सांगायची गरज नव्हती. सेन्सॉरची मंडळी घाबरली. नासेरनं स्वतः पाहून परवानगी दिली, असं सांगतात.

शाहीनचा 'अल-अर्द' त्याच सुमाराला पुरा झाला आणि 1970 मध्ये प्रदर्शित झाला. अब्दुर्रहमान शरकावीच्या कादंबरीतला काळ 1930 च्या दशकाच्या सुरुवातीचा आहे. तेव्हा इस्माईल सिद्कीच्या सरकारनं 1923 ची राज्यघटना गुंडाळून ठेवली होती. गावाची पाणीपाळी दहा दिवसांवरून पाच दिवसांवर आणण्याचा हुकूम निघतो. अर्ज लिहिले जातात. मग कळतं की पाशाच्या वाड्यापर्यंत जाणारा रस्ता गावाच्या शेतांतून काढायचाय. शाहीननं गाव गोड केलेलं नाही. पाणी कमी झाल्यावर गावकरी पहिल्यांदा एकमेकांवरच काठ्या उगारतात. दारं कोणी धरायची यावरून डोकी फुटायची वेळ येते, आणि तेवढ्यात कोणाची तरी गाय रहाटाच्या विहिरीत पडते. काठ्या टाकून सगळे धावतात, त्याच चिखलात उतरून, एकमेकांचे हात धरून तिला वर ओढतात. शेती करणाऱ्या माणसाला हा प्रसंग खोटा वाटणार नाही.

मुहम्मद अबू सुवैलम हा म्हातारा या गावाचा कणा. ती भूमिका महमूद अल-मिलीगीनं केली. उभी हयात खलनायक रंगवलेला हा नट, 'अल-फुतुव्वा'च्या शेवटी चापट खाणारा नवा गडीही तोच. तुरुंगात पोलीस अबू सुवैलमच्या मिशा उतरवतात. परत आल्यावर तो चेहरा झाकून बसतो. 1919 च्या उठावात आपण सगळे एकत्र होतो, मग आता काय झालं, असं तो जुन्या सोबत्याला विचारतो. तो सोबती शेख हस्सूना शहरातून मोठ्या गर्जना करत आलेला असतो, पण आपल्या वाट्याची जमीन वाचतेय असं दिसताच पाय मागे घेतो. शिकलेला, मानाचा, थोडी जमीन असलेला माणूस ऐन वेळी का गळतो, याचं इतकं खरं चित्र मी क्वचितच पाहिलंय. शेवटी घोड्यामागे बांधून अबू सुवैलमला त्याच्याच कापसाच्या शेतातून फरफटत नेलं जातं आणि त्याची रक्ताळलेली बोटं कापसाची झाडं धरू पाहतात. 1970 मध्ये हे पाहणाऱ्यांच्या देशाची जमीन शत्रूच्या ताब्यात होती. पडद्यावर 1930 चालू होतं, पण कोणी ते 1930 म्हणून पाहत नव्हतं.

त्याच वर्षी सप्टेंबरात नासेर वारला आणि सत्तेवर सादात आला. शाहीननं 'अल-उस्फूर'मध्ये 1967 च्या पराभवामागचा भ्रष्टाचार जवळजवळ वर्तमानातच मांडला, तर चित्रपट दोन वर्षं अडकला. 1973 च्या युद्धानंतरच सुटला. उलट 1975 चा 'अल-कर्नक' नासेरच्या गुप्त पोलिसांनी विद्यार्थ्यांचा कसा छळ केला ते नागडेपणानं दाखवतो. तो धडाक्यात चालला, कारण त्यातला छळ करणारा अधिकारी अखेर सादातच्या राज्यात गजाआड जातो. छळ खरा होता आणि तो सांगितला जायलाच हवा होता. पण नासेरच्या काळात राजाबद्दल, सादातच्या काळात नासेरबद्दल, असा हा परवाना प्रत्येक वेळी कालच्यासाठीच मिळत राहिला.

1974 मध्ये सादातनं अर्थव्यवस्था खुली केली. आयातीवर, दलालीवर, जमिनींच्या सट्ट्यावर नवे श्रीमंत झाले. जानेवारी 1977 मध्ये पाव आणि इतर जिन्नसांवरची सवलत काढल्यावर 18 आणि 19 तारखेला शहरंच्या शहरं रस्त्यावर आली. सादातनं त्याला चोरांचा उठाव म्हटलं. अली बद्रखाननं 1981 मध्ये 'अह्ल अल-किम्मा' केला. त्यात खिसेकापू झातर आयातीच्या धंद्यात बडा होतो आणि त्याच्या मागावर असलेला प्रामाणिक पोलीस अधिकारी घरखर्च भागवता भागवता टेकीला येतो. हा पाशा आता वाड्यात राहत नव्हता, उपाधी लावत नव्हता. तो परवापर्यंत आपल्याच बोळात होता.

मग ज्यांचं तारुण्य दोन युद्धांत गेलं अशा दिग्दर्शकांची पिढी आली. त्यांनी कॅमेरा स्टुडिओबाहेर काढला. आतिफ अल-तय्यिबच्या 'सव्वाक अल-ओतोबीस'मध्ये लढाया लढून आलेला हसन कैरोत बस चालवतो. बापाची सुतारकामाची कार्यशाळा करापोटी लिलावात जाणार आहे. पैसे उभे करायला तो बहिणींच्या दारी जातो, आणि पैसेवाले मेहुणे कार्यशाळेच्या जागेचा भाव काढू लागतात. इथे गोष्ट आजची आहे. कालच्या राजवटीचा आडोसा नाही.

तय्यिबनं 1986 मध्ये याची किंमत मोजली. वहीद हामिदनं लिहिलेल्या 'अल-बरी'मध्ये अहमद झकीनं अहमद सबअ अल-लैल या अडाणी शेतकरी मुलाचं काम केलंय. सक्तीच्या भरतीत त्याला वाळवंटातल्या एका कैदी छावणीवर पहारेकरी नेमतात. आत देशाचे शत्रू आहेत, असं सांगतात. तो मनापासून विश्वास ठेवतो. पळू पाहणाऱ्या एका लेखकाला तो स्वतःच्या हातांनी मारतो आणि बक्षीस मिळवतो. मग एक दिवस पकडून आणलेल्या विद्यार्थ्यांत त्याला हुसेन दिसतो, गावातला, ज्यानं त्याला देश म्हणजे काय ते समजावलं होतं. हुसेन देशाचा शत्रू असणं शक्य नाही, एवढंच त्याला कळतं, आणि तेवढं कळल्यावर त्याचा विश्वास ढासळायला वेळ लागत नाही. छावणीचा प्रमुख घरी लेकीचे लाड करणारा प्रेमळ बाप आहे, हे दाखवून तय्यिबनं आपल्याला राक्षस शोधण्याची सोयही ठेवली नाही.

योगायोग असा की त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्रीय सुरक्षा दलाच्या सक्तीनं भरती झालेल्या शिपायांनी खरोखर बंड केलं. सेवेची मुदत वाढणार अशी अफवा पसरली, आणि गिझाच्या हॉटेलांना आगी लागल्या. खेड्यातला गरीब मुलगा शहरातल्या गरिबावर लाठी चालवायला उभा केला जातो, ही चित्रपटातली व्यवस्थाच रस्त्यावर फुटली. संरक्षण, गृह आणि संस्कृती अशा तीन खात्यांच्या मंत्र्यांपुढे चित्रपट ठेवण्यात आला. शेवट कापला गेला. प्रेक्षकांनी पाहिलेल्या प्रतीत अहमद मनोऱ्यावर उभा आहे, कैद्यांची नवी गाडी येताना त्याला दिसते, तो किंचाळतो, आणि चित्रपट संपतो. कापलेल्या भागात तो बंदूक रोखतो आणि अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडतो. मग त्याच्यासारखाच भरती होऊन आलेला दुसरा एक शिपाई त्याला गोळी घालतो. किंकाळीवर संपलेला चित्रपट एका मुलाच्या दुःखाचा होतो. दुसऱ्या शिपायाच्या गोळीवर संपलेला चित्रपट ती छावणी कशावर चालते ते दाखवतो.

पूर्ण शेवटासह 'अल-बरी' 2005 मध्ये जाहीरपणे दाखवला गेला. अहमद झकी त्याच वर्षी वारला होता. तय्यिब त्याच्या दहा वर्षं आधी, सत्तेचाळिसाव्या वर्षी. हुस्नी मुबारक तेव्हाही अध्यक्ष होते.